दहापैकी साडेसात

निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून आमच्या शिक्षकवर्गातील माणूस एक तर घर बांधतो, नाही तर मुलीचे लग्न करतो. ही दोन्ही कर्तव्ये नोकरीत असतानाच कर्ज काढून उरकलेली असल्यामुळे माझ्यापुढे तिसराच मार्ग मोकळा राहिला. आणि चौतीस वर्षे मराठी हा विषय शिकवून, म्हणजे परक्यांच्या वाक्यांतील दोष लाल शाईने दाखवून, जो काही संचय झाला होता, त्यातून मी पांढऱ्या रंगाची एक लहानशी मोटार विकत घेतली. मोटार घेणे हा आयुष्यातला एक प्रसंग असतो आणि पेढे वाटले की तो संपतो, अशी माझी समजूत होती. वस्तुतः ती एक प्रकारची वतनदारी आहे, आणि तिचा सारा दर सहा महिन्यांनी कोणत्या ना कोणत्या दरबारी भरावा लागतो, हे मला पहिल्या वर्षाच्या अखेरीस कळले. कोणत्या दरबारी भरावा, एवढाच काय तो प्रश्न उरतो.

गडचिरोलीच्या इंदिरा गांधी चौकात, जेथून एक रस्ता आरमोरीस, एक चामोर्शीस, एक धानोऱ्यास आणि एक नदी ओलांडून चंद्रपुरास जातो, तेथे सकाळी फिरावयास निघालेली आमची निवृत्त मंडळी चहासाठी थांबतात. आणि ज्याप्रमाणे या चौकात रस्त्यांचे मतैक्य नाही, त्याप्रमाणे मोटारदुरुस्तीच्या प्रश्नावर मंडळींचेही नाही. तलाठ्याच्या जागेवरून चढत चढत नायब तहसीलदार होऊन निवृत्त झालेले आमचे एक स्नेही कट्टर कंपनीपक्षीय आहेत. जेथे कागद मिळतो तेथेच न्याय मिळतो, ही त्यांची आयुष्यभराची श्रद्धा. आणि शोरूमचे बिल सहा पानी असते, या एकाच मुद्द्यावर ते तिचा कैवार घेतात. उलटपक्षी, वनखात्यातून निवृत्त झालेले दुसरे स्नेही, ज्यांची सारी उमेद जंगलातल्या जीपा ढकलण्यात गेली, ते म्हणतात की ज्याच्या नखात ग्रीस नाही त्याला गाडीविषयी विचारणे म्हणजे मुंबईच्या पाहुण्याला मोहफुलाचा भाव विचारणे होय. मी दोन्ही पक्षांना भरपूर दक्षिणा दिलेली असल्यामुळे माझ्या मताला कोणताच पक्ष किंमत देत नाही.

प्रथम एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधणे भाग आहे. शोरूमच्या भाषेत शोरूमखेरीज जगात जे जे काही आहे त्यास 'बाहेर' असे म्हणतात. "सर, बाहेर कुठं हात लावला होता का?" हा प्रश्न तेथे ज्या स्वरात विचारला जातो, नेमक्या त्याच स्वरात माझी आजी, सोवळे नेसून स्वयंपाकघराकडे निघाली असता, "कोणी शिवलं तर नाही ना?" असे विचारीत असे. हमीची मुदत हे गाडीचे सोवळे आहे. त्या मुदतीत बाहेरच्या पान्याचा स्पर्श झाला की गाडी विटाळते, आणि तिच्या शुद्धीकरणाचा खर्च यजमानाने सोसावयाचा असतो. आम्हां गडचिरोलीकरांना 'बाहेर' हा शब्द तसा नवा नाही. येथे बदली होऊन आलेला अधिकारी हजर झाल्याच्या दिवसापासून 'बाहेर' जाण्याच्या खटपटीत असतो, आणि येथे जन्मलेल्या हुशार मुलाला सगळे नातेवाईक 'बाहेर' पाठवा असेच सांगत असतात. फक्त आमच्याकडे बाहेर जाणे ही बढती, आणि शोरूममध्ये तो गुन्हा, एवढाच अर्थभेद.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याची वाटणी होऊन आमचा जिल्हा अस्तित्वात आला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, त्यातील बहुतेक अरण्य. वर कोरची, खाली सिरोंचा. रेल्वे वडशाला तोंड दाखवून निघून जाते. गडचिरोलीहून सिरोंच्यास जावयाचे तर सुमारे दोनशे किलोमीटर रस्ता, आणि तरीही जिल्हा तोच. अशा मुलखात माझ्या गाडीच्या कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र वैनगंगेच्या पलीकडे, सुमारे ऐंशी किलोमीटरांवर. यातून जो तार्किक पेच निर्माण होतो तो न्यायशास्त्राच्या एखाद्या टीकाकाराच्या पदरी टाकावा असा आहे: जी गाडी सेवाकेंद्रापर्यंत स्वतःच्या पायांनी पोहोचू शकते, तिला दुरुस्तीची गरज नसते, आणि जिला दुरुस्तीची गरज असते, ती पोहोचू शकत नाही. ट्रॅक्टरला दोर बांधून, म्हणजे आमच्याकडच्या शब्दांत 'टोचन करून', गाडी ऐंशी किलोमीटर न्यावी, तर वाटेत प्रत्येक गावी माणसे थांबून मयताची चौकशी करावी तशी चौकशी करतात.

नदीपलीकडे गाडी नेण्याच्या या वहिवाटीला आणखीही एक अंग आहे, ते येथे ओझरते नमूद करतो. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. या काळात काही गृहस्थांच्या गाड्यांना दर पंधरवड्याला सर्व्हिसिंग लागत असे, आणि ते शनिवारीच लागत असे. २०१५ साली नदीपलीकडच्या जिल्ह्यातही दारूबंदी जाहीर झाली; आणि आश्चर्य असे, की त्या गाड्या आपोआप सुधारल्या. २०२१ साली तिकडची बंदी उठताच त्यांची इंजिने पुन्हा कुरकुरू लागली. यंत्रशास्त्राने या घटनेचा अद्याप विचार केलेला नाही.

मुदतीची गोष्ट तर याहून करुण आहे. माझे एक जुने सहकारी भामरागडकडे शाळेवर होते. हमीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते की अमुक महिने किंवा अमुक किलोमीटर, यांपैकी जे आधी घडेल ते. भामरागडला पूर आधी घडला. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेले की तिकडची गावे जगापासून तुटतात, ही दर पावसाळ्याची गोष्ट; गृहस्थाची गाडी अलीकडे येईपर्यंत फुकट सर्व्हिसिंगची तारीख उलटून गेली. त्यांनी पुराच्या बातमीचे कात्रण जोडून रीतसर अर्ज केला. सेवाकेंद्रातील तरुण मोठा सालस होता, त्याने संगणकात विलंबाची सर्व कारणे शोधून पाहिली आणि अत्यंत खेदाने सांगितले, "सर, सिस्टीममध्ये नदी नाही."

आता त्या सेवाकेंद्राचे वर्णन. मी प्रथम गेलो तेव्हा गाडी थांबताच एक गणवेषधारी तरुण हातात काचेची पाटी घेऊन आला आणि गाडीस प्रदक्षिणा घालीत तिच्या अंगावरील ओरखड्यांची नोंद करू लागला. उजव्या दारावर एक, मागील बाजूस दोन, आत पायपुसणी चार, स्टेपनी आहे, जॅक आहे, पेट्रोल पाव टाकी. हा विधी म्हणजे शुद्ध पंचनामाच. फरक इतकाच की पंचनाम्यावर तिऱ्हाइतांच्या सह्या असतात, येथे मयताच्या नातेवाइकाचीच घेतात. मग त्याने विचारले, "सर, काही कम्प्लेंट?"

माझ्या गाडीला एक आवाज जडला होता. चौतीस वर्षे भाषा शिकविलेल्या माणसाने आपल्या गाडीच्या आवाजाचे वर्णन किती काळजीने मनात जुळवून नेले असेल, याची वाचकांनी कल्पना करावी. मी सांगितले, की डाव्या बाजूस, पुढच्या चाकाच्या वरच्या अंगास, गाडी खड्ड्यात उतरताना नव्हे तर खड्ड्यातून वर येताना, प्रथम 'खट्' आणि त्यामागून अर्ध्या मात्रेच्या अंतराने 'खुट्' असा जोडाक्षरी ध्वनी येतो. त्यातील पहिला आघातयुक्त असून दुसरा काहीसा ओशाळलेला असतो. पाऊस पडून गेल्यावर तो दबतो आणि सौभाग्यवती गाडीत बसलेल्या असताना विशेष ऐकू येतो. तरुणाने सर्व आदरपूर्वक ऐकून घेतले आणि पाटीवर एकच शब्द लिहिला: 'नॉइज'. मी निबंध सांगितला, त्याने शीर्षक उतरून घेतले.

पुढे 'ट्रायल' झाली. शहरातील त्या सपाट डांबरी रस्त्यावर माझी गाडी, इन्स्पेक्शनच्या दिवशी वर्गातले सर्वांत द्वाड पोर हाताची घडी घालून बसते तशी, निमूटपणे चालली. हा आवाज ऐकावयाचा तर आष्टी ते आलापल्ली या रस्त्यावर यावे लागते. लोहखनिजाच्या अवजड ट्रकांनी त्या रस्त्याची जी अवस्था केली होती, तिचे वर्णन केवळ विरामचिन्हांनी लिहिलेले वाक्य असेच करता येईल. आणि त्या विरामचिन्हांत शंभर रुपयांचे पेट्रोल जाळल्याशिवाय माझी गाडी तोंड उघडत नसे. तंत्रज्ञाला माझ्याबरोबर शंभर किलोमीटर पाठविण्याची सोय कंपनीच्या नियमावलीत नव्हती. तथापि आवाज न ऐकताही उपचार सुचविण्यास कोणाची हरकत नव्हती. पुढच्या सस्पेन्शनचा अख्खा संच बदलावा, असा निर्णय झाला, आणि त्याच्या अंदाजपत्रकाचा आकडा माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातील एकूण वेतनाहून मोठा होता. मी नम्रपणे नकार दिला. मग इंजिनाचे तेल, तेलाची गाळणी, हवेची गाळणी हा नित्याचा नैवेद्य झाला, आणि बिल हाती आले तेव्हा त्यात आणखी तीन ओळी होत्या: गाडीच्या आतील भागाचे सुगंधीकरण, इंजिनावर चकाकी आणणारा लेप आणि आणखी कसली तरी स्वच्छता. सर्व्हिसिंग फुकट होते हे खरे. म्हणजे मजुरी फुकट होती. पंगतीत भात फुकट आणि वरणाला पैसे, असा हा हिशेब.

परंतु एकतर्फी निकाल देणे हा माझा स्वभाव नाही. एकदा त्या कंपनीने आपण होऊन पत्र धाडले, की आपल्या गाडीच्या इंधनपंपात आमच्या हातून दोष राहिला असण्याचा संभव आहे, सबब गाडी घेऊन यावी. मी गेलो, त्यांनी पंप बदलला, चहा पाजला आणि एक पैसाही घेतला नाही. आपली चूक स्वतः शोधून, ती मान्य करून, फुकट दुरुस्त करून देणारी संस्था मी शिक्षणखात्यात उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्या दिवशी परत येताना मूल गावाच्या पुढे जंगलात गाडी थांबवून मी दोन क्षण मनोमन कंपनीपक्षात प्रवेश केला होता. पुढे सावली गावापर्यंत येईतो 'खट्-खुट्' पुन्हा सुरू झाले, आणि माझे पक्षांतर रद्द झाले.

आता दुसरा दरबार. धानोरा रस्त्याला एका चिंचेच्या झाडाखाली आमच्या मिस्त्रीचे दुकान आहे. 'मिस्त्री' किंवा 'मेस्त्री' हा शब्द पोर्तुगिजांच्या 'मेस्त्रे' या शब्दावरून आला, आणि 'मास्तर' इंग्रजांच्या 'मास्टर'वरून. दोहोंचा मूळ पुरुष लॅटिनमधला 'मागिस्तेर', म्हणजे गुरू. ही व्युत्पत्ती मी मिस्त्रीला एकदा सविस्तर समजावून सांगितली, की आपण दोघे एकाच कुळातले, फक्त मी इंग्रजांच्या शाखेतला आणि तू पोर्तुगिजांच्या. तो गाडीखालून म्हणाला, "मंग गुरुजी, तुमची शाखा पेन्शनवाली निघाली अन् आमची बिनपेन्शनची. वाटनीत मारले आमाले."

त्याचे वडील आलापल्लीच्या लाकूडडेपोवर सागाचे ट्रक दुरुस्त करीत. त्यांच्याकडून मिस्त्रीला वारशात तीन वस्तू मिळाल्या: पान्यांची एक पेटी, एक टॉमी, आणि एक हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर, ज्याची लाकडी मूठ दोन पिढ्यांच्या तळहातांनी चिंचोक्यासारखी गुळगुळीत झाली आहे. हा स्क्रू-ड्रायव्हर त्याने स्क्रू पिळण्यासाठी वापरलेला मी पाहिलेला नाही. गाडी चालू करावयास सांगून तो त्याचे टोक इंजिनाच्या अंगावर टेकवितो, मूठ स्वतःच्या कानाच्या भोकाशी लावतो आणि डोळे मिटतो. पोऱ्याने हातातला पाना खाली ठेवलेला असतो. रस्त्याने जाणारी बस निघून जाईपर्यंत मिस्त्री श्वास रोखतो. मग टोक चार बोटे सरकवून पुन्हा ऐकतो. वैद्याने नाडी धरावी त्याहून हे दृश्य अधिक गंभीर असते, कारण रोग्याप्रमाणे गाडी मध्येच स्वतःचे मत सांगत नाही.

माझ्या गाडीचे इंजिन त्याने असे ऐकले आणि मान हलविली. मग पोत्यावर पाठ टेकून तो चाकाआड शिरला. "चौदा-पंधरा," तो म्हणाला. पोऱ्याने पाना दिला. "टॉमी." ती दिली. टॉमीचे टोक कोठेतरी अडकवून त्याने एक हलकासा हिसका दिला, आणि चिंचेखालच्या त्या शांततेत, आष्टीचा रस्ता, लोहखनिजाचे ट्रक, सौभाग्यवती यांपैकी काहीही उपस्थित नसताना, स्पष्टपणे उमटले: 'खट्-खुट्'.

"हाच का जी गुरुजी तो?"

"हाच!" मी म्हणालो. माझ्या डोळ्यांत पाणी आले असावे. एवढ्या वर्षांत माझा निबंध कोणी प्रथमच पूर्ण वाचला होता.

वीतभर लांबीचा लिंक-रॉड झिजला होता. तो बदलावयास अर्धा तास लागला, आणि जुना रॉड मिस्त्रीने वर्तमानपत्रात गुंडाळून मला परत दिला. ही त्याची रीत आहे. काढलेला भाग मालकाला दाखविलाच पाहिजे, हे तो वडिलांच्या नावाने सांगतो. सेवाकेंद्रातून मला आजवर जुन्या भागाऐवजी नव्या भागाचा सांकेतिक क्रमांक तेवढा मिळालेला आहे.

एवढ्यावर मी मिस्त्रीपक्षीय झालो, असा तर्क वाचकांनी करू नये. त्याचे दोष त्याच्या गुणांइतकेच अस्सल आहेत. "संध्याकाळी घेऊन जा" या त्याच्या वाक्यातील संध्याकाळ कोणत्या दिवसाची, हे अध्याहृत असते. एका आषाढात त्याने माझ्या गाडीचा क्लच उतरविला, आणि त्याच रात्री मनाजोगता पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी मी गेलो तो झाडाखाली चार विटांवर माझी गाडी, आणि मिस्त्री सहकुटुंब सहपोऱ्या रोवणीला गेलेला. धान चिखलात गेल्याशिवाय या जिल्ह्यात कोणतेही काम पुढे सरकत नाही, हे मी शाळेच्या हजेरीपटावरून जाणतच होतो. अकरा दिवस सायकलवरून जाऊन मी विटा मोजून येत असे. त्याच्या सुट्या भागांचेही एक स्वतंत्र अलंकारशास्त्र आहे. "हे ओरिजिनल आहे का?" असे विचारले की तो प्रामाणिकपणे उत्तर देतो, "डब्बा ओरिजिनल हाय." आणि त्याने एकदा दिव्यांची तार बदलली तेव्हापासून पाच दिवस मी डावीकडे वळण्याचा इशारा दिला की काचेवरचा वायपर एकदा मान हलवून नाही म्हणत असे. दुरुस्त करावयास गेलो तर म्हणाला, "काहून घाबरता? समोरच्याले समजते न तुमी वळून राहिले म्हनून." पावती नाही, हमी नाही, हिशेब शटरच्या आतल्या अंगावर खडूने लिहिलेला, आणि तो पावसाच्या ओलीने पुसला जातो, बहुधा त्याच्याच विरुद्ध.

माझे नायब तहसीलदार स्नेही म्हणतात, की हे सर्व जुन्या जमान्याला ठीक होते. यात तथ्य आहे. आमच्या जिल्ह्यानंतर सव्वा वर्षाने, म्हणजे १९८३ च्या डिसेंबरात, पहिली मारुती रस्त्यावर आली. त्याआधीच्या फियाट आणि ॲम्बॅसडर गाड्यांची टोपणे उघडली की खालची जमीन दिसे, आणि मालक स्वतः रुमालाने प्लग पुसून पुन्हा बसवीत असे. आता टोपण उघडले की काळ्या प्लॅस्टिकचे दुसरे टोपण दिसते. एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे नियम लागू झाल्यानंतरच्या गाड्यांत तर संवेदकांची अशी दाटी आहे, की गाडी स्वतःच स्वतःविरुद्ध फिर्याद गुदरते, आणि समोर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा लागतो. माझ्याही गाडीत तो लागला. मिस्त्रीने बॅटरीची एक तार काढली, दहा मिनिटे बिडी ओढली, तार पुन्हा जोडली. दिवा गेला. "विसरली," तो म्हणाला. तीन दिवसांनी तिला आठवले. मग त्याने नागपूरहून मागविलेला एक हातातला स्कॅनर जोडला; त्यावर जे इंग्रजी उमटले ते आम्ही दोघांनी, पोर्तुगीज आणि इंग्रज या दोन्ही शाखांचे ज्ञान एकवटून वाचले, आणि शेवटी गाडी नदीपलीकडेच न्यावी लागली.

कंपन्यांचे हे ज्ञान आणि सुटे भाग बाहेरच्या कारागिरांना मिळत नाहीत, या मुद्द्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, आणि भाग व तपासणीची साधने खुल्या बाजारात द्यावीत असा हुकूम केला. पुढे प्रकरण अपिलात गेले, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत 'चालू आहे' झाले. मी ही हकीकत मिस्त्रीला मोठ्या उत्साहाने सांगितली. त्याने हात पुसत विचार केला. "म्हनजे आमाले सामान देत नव्हते म्हनून सरकारनं त्यायले दंड मारला?"

"होय."

"मंग तो दंड आमाले भेटन का सामानात?"

या प्रश्नाचे उत्तर निकालपत्रात असेल, तर ते मला आढळलेले नाही.

उंदरांच्या प्रकरणात मात्र दोन्ही दरबारांची परीक्षा झाली. आमचा मुलूख धानाचा. कापणीनंतर शेतातले उंदीर गावात येतात आणि गाडीच्या पोटात, जेथे ऊब असते, तेथे बिऱ्हाड करतात. माझ्या गाडीतल्या तारा त्यांनी कुरतडल्या. सेवाकेंद्राने सांगितले की उंदीर हमीत बसत नाही. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. तो हमीत बसत नव्हता, तो इंजिनावर बसत होता. मिस्त्रीने तारा जोडल्या, काळी पट्टी गुंडाळली आणि कापडाच्या दोन पुरचुंड्या आत टांगल्या. त्यांत तंबाखू होता. ज्या जिल्ह्यात खर्रा सोडविण्यासाठी डॉक्टर मंडळी गावोगाव फिरून थकली, त्या जिल्ह्यात तंबाखूचा जीवसृष्टीस झालेला हा एकमेव उपयोग माझ्या पाहण्यात आला. उंदीर गेले. गाडीत बसले की मला आजोबांच्या बैठकीची आठवण येते, आणि बिलात सुगंधीकरणाची ओळ आली तरी तिचा काही उपयोग होत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. सेवाकेंद्रात ग्राहकांनी बसावयाच्या दालनाला एक मोठी काच आहे, तिच्यातून कामाची जागा दिसते. पण इतक्या दुरून की कोणाचे हात कोणत्या गाडीत आहेत ते कळू नये. मी चहाचा कागदी पेला घेऊन उभा होतो. पलीकडे निळ्या गणवेषातला एक पोरगा माझ्या पांढऱ्या गाडीचे टोपण उघडून उभा होता. त्याने इकडेतिकडे पाहिले, खिशातून एक लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक इंजिनावर टेकविले, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. पर्यवेक्षक येताना दिसताच त्याने तो पुन्हा खिशात घातला आणि संगणकाची तार हाती घेतली. मग काचेकडे नजर जाऊन त्याने मला ओळखले, आणि ओशाळून हसला. चिंचेखालचा पोऱ्या होता तो. मधल्या काळात त्याने आयटीआय केले होते. मी परत येऊन हे मिस्त्रीला सांगितले, तेव्हा त्याला दुःख झाले नाही. "कपडे देतात तिकडं," एवढेच तो म्हणाला, आणि जरा वेळाने, "डोळे मिटते का अजून?"

"मिटतो."

"मंग ठीक हाय."

त्याच खेपेस गाडी परत देताना सेवाकेंद्रातील त्या सालस तरुणाने मला बाजूला घेतले आणि आवाज खाली आणून म्हटले, "सर, कंपनीतून फोन येईल. प्लीज, दहापैकी दहा द्या. नऊ दिले तर आमचे नापास धरतात." मी हादरलो. चौतीस वर्षांत, बोर्डाच्या उत्तरपत्रिकांसकट, मी कोणाही मनुष्यमात्राच्या निबंधाला दहापैकी साडेसातांहून अधिक गुण दिलेले नाहीत. उरलेले अडीच मी 'सुधारणेस वाव' या शेऱ्याखाली राखून ठेवीत असे, आणि या अडीच गुणांवर माझी तालुक्यात काही एक कीर्ती आहे. नव्वद टक्क्यांना नापास करणारे हे विद्यापीठ माझ्या आकलनापलीकडचे होते.

फोन आला तो नेमका चिंचेखाली. मिस्त्री गाडीखाली पोत्यावर होता, त्याचे फक्त पाय दिसत होते. पलीकडून एक मधुर स्वर हिंदीत माझे समाधान शून्य ते दहा या पट्टीवर विचारीत होता. माझ्या डोळ्यांपुढे ते अंदाजपत्रक आले, सुगंधीकरण आले. मग तो तरुण आला, त्याची खाली आणलेली मान आली, आणि खिशात स्क्रू-ड्रायव्हर लपविणारा पोऱ्या आला. "दस," मी म्हणालो, आणि खोट्या दस्तऐवजावर सही केल्याप्रमाणे हात रुमालाला पुसले.

गाडीखालचा पाना थांबला.

"कोन होतं जी गुरुजी?"

"शोरूम. गुण मागत होते."

"किती देले?"

"दहा."

"कितीपैकी?"

"दहापैकी."

बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग पायांनी प्रश्न केला, "अन् मले?"

मी कच्चे परीक्षण कधी केलेले नाही. लिंक-रॉड, उंदीर, परत दिलेले जुने भाग हे एका बाजूस घेतले. अकरा दिवसांची रोवणी, नकार देणारा वायपर आणि डबा ओरिजिनल हे दुसऱ्या बाजूस घेतले. आणि जो अंक मी आयुष्यात केवळ दोन विद्यार्थ्यांना दिला होता, तो गळा काहीसा दाटून उच्चारला. "साडेसात."

"साडेसाती म्हना ना सरळ," गाडीखालून आवाज आला.

मी त्याला समजावून सांगितले, की हा माझा उच्चांक आहे. याच्या वर मी कोणाच्याच बाबतीत गेलो नाही. ते दहा खोटे होते आणि हे साडेसात खरे आहेत. उरलेले अडीच हे कोणाचेही नसतात, ते सुधारणेस वाव म्हणून राखून ठेवावयाचे असतात. पाना पुन्हा फिरू लागला होता. त्याने हे ऐकले की नाही, कळावयास मार्ग नव्हता.

संध्याकाळी, आणि ती त्याच दिवसाची संध्याकाळ होती, मी गाडी न्यावयास गेलो, तेव्हा प्रथमच मिस्त्रीने मला लेखी हिशेब दिला. तेलाच्या डब्याच्या पुठ्ठ्यावर, नव्या पोऱ्याच्या हस्ताक्षरात: वायसर, ऑइल सील, ग्रीस, मजुरी. सर्व रास्त होते. शेवटच्या ओळीत कोणताही तपशील न देता दोनशे पन्नास रुपये लिहिले होते.

"हे कशाचे?" मी विचारले.

"तो वाव हाय, गुरुजी," मिस्त्री म्हणाला.

मी अडीचशे मोजून दिले.